केनियातल्या अंबोसेली नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर, तंबूतून

जनरेटर बंद झालाय, सोलरच्या दिव्यात टाइप करतेय. आई शेजारच्या कॉटवर गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन पडलीये पण जागीच आहे, कारण बाहेर कोणीतरी काडकाड फांद्या मोडतंय. हत्तीच असणार. ही जागा अकराशे मीटरच्या वर आहे त्यामुळे सूर्य बुडाला की गारठा पडतो, दोघीही स्वेटर घालून बसलोय. जेवणाच्या तंबूपासून इथपर्यंत सोडायला इथल्या गुराखी मासाई समाजातला रखवालदार येतो, टॉर्च घेऊन, आई घाईने चालायला लागली की "पोले पोले" म्हणतो, म्हणजे सावकाश. चेन नीट लावून घ्या, आता सकाळपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढं सांगून गेला.

आमचा कॅम्प पार्कच्या आत नाही, किमाना गेटच्या बाहेर मासाईंच्या जमिनीवर आहे. आणि मला तर आजचा दिवस त्यामुळेच नीट समजला.

दुपारी आत दलदलीत शेकडो हत्ती होते. आजूबाजूला नुसती पांढरट राखेसारखी धूळ आणि मध्येच हिरवंगार पाणी, किलिमांजारोवर पडलेला पाऊस लाव्हाच्या खडकातून जमिनीखालून झिरपत इथे वर येतो. हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभे राहून लव्हाळं उपटत होते, पाठीवर गायबगळे. मग चारच्या पुढे एकेक कळप निघाला, पुढे म्हातारी हत्तीण, मागे पिल्लं, आणि सरळ पार्कच्या बाहेर चालू लागला. गाइड म्हणाला की पार्क फक्त 392 चौरस किलोमीटर आहे, एवढ्यात ह्यांचं भागत नाही, रात्र हे बाहेरच्या झाडीत काढतात. म्हणजे आमच्या तंबूभोवती. म्हणजे ज्या लोकांची गुरं 1974 ला पार्क झाल्यावर कायद्याने ह्या पाण्यापासून लांब ठेवली गेली त्यांच्याच जमिनीवर हे हत्ती जगतायत, आणि ही गोष्ट मला दुपारपासून सोडत नाहीये.

टिम नावाचा हत्ती इथलाच. सुळे जमिनीला टेकतील एवढे, आणि शेतात घुसायची सवय. भाल्याच्या जखमाही झाल्या होत्या त्याला. शेवटी 2016 मध्ये गळ्यात कॉलर बांधली, तो शेताकडे वळला की रेंजर्सना कळायचं आणि ते आधीच जाऊन त्याला परतवायचे. 2020 मध्ये गेला, पन्नासच्या आसपासचा होऊन, म्हातारपणाने. एवढ्या मोठ्या सुळ्यांचा हत्ती गोळी न लागता मरतो हे किती लोकांनी किती रात्री जागून केलेलं काम असेल!

हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. तिचं माहेर दोडामार्गचं, तिथे कर्नाटकातून उतरलेले हत्ती वीस वर्षांहून जास्त काळ केळी, माड, पोफळी मोडतायत, मामाच्या बागेतले माड गेलेत. ती म्हणाली, "अगं, हत्ती चांगलाच आहे, पण ज्याचा माड पडतो त्याच्या घरी कोण जातं?" मला ह्यावर उत्तर नव्हतं, पण इथे ह्या प्रश्नाचा थोडा तरी विचार झालाय असं वाटतं. किमाना सँक्च्युअरी मासाई समाजाच्या मालकीची आहे, अंबोसेलीहून त्सावोच्या पार्ककडे आणि च्युलूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या हत्तींची ती वाट, आणि ती मोकळी राहावी म्हणून जमिनीचं भाडं मालकांना मिळतं. दुसरीकडे पूर्वीच्या सामाईक जमिनींचे तुकडे पडतायत, प्रत्येकाला आपापला प्लॉट, मग कुंपण, मग टोमॅटो-कांद्याची शेती. त्यांना दोष कसा द्यायचा, भाड्यापेक्षा शेतीत जास्त मिळत असेल तर माणूस शेतीच करणार ना.

म्हणून मला वाटतं इथे येणाऱ्याने तंबूत गरम पाणी आहे का, किलिमांजारो दिसतो का हे विचारतोच तर कॅम्पची जमीन कोणाची आणि तिचं भाडं वेळेवर जातं का, हेही विचारावं. मी उद्या नाश्त्याला मॅनेजरला विचारणारच आहे, आणि आईला सोबत घेऊन, कारण बागायतदाराच्या घरातले खरे प्रश्न तिलाच माहीत आहेत.