नऊची वेळ: क्योतोतला किमोनो आणि फोटोवाली

किमोनो भाड्याने देणाऱ्या दुकानात आपल्याला जी वेळ मिळते, ती रांगेत शिरायची वेळ असते. नेसून बाहेर पडायला त्यानंतर किती लागेल ते दुकान सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मी विचारलं नाही, म्हणून आमची फोटोग्राफर पाऊण तास थंडीत उभी राहिली आणि तासाभराचे पैसे भरून आम्हाला अर्धा तास मिळाला. अजून आठवलं की चिडचिड होते, म्हणून लिहून काढते आहे.

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी मी, नवरा आणि माझी आई असे तिघं जपानला गेलो. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं बिनबोभाट झालं. आईची फर्माईश एकच होती, किमोनो नेसून "नीट" फोटो. नीट म्हणजे कोपऱ्यात जावयाचा अंगठा न आलेले.

दुकानाच्या बुकिंगच्या फॉर्मनेच पहिला हिसका दाखवला. नाव काताकाना लिपीत लिहा म्हणे. आमच्या आडनावात ळ. काताकानात ळ सोडाच, ल आणि र यांनाही मिळून एकच अक्षर. शेवटी ळचा र करून, ऑनलाइन सापडलेली अक्षरं एकेक करून डकवली, तेव्हा फॉर्म पुढे सरकला. फोन नंबरही जपानचाच हवा होता, तिथे हॉटेलचा दिला. (हॉटेलला आधी कळवून ठेवा.) एकेका बाईचे ४,४०० येन, नवऱ्याचेही साधारण तेवढेच. केशरचना वेगळी, ती घेतली. फोटोग्राफर एका तासाचे २५,००० येन, म्हणजे आपले चौदा हजारांच्या आसपास. पन्नास फोटो कबूल. दुकानाची वेळ ९ ची, फोटोग्राफरची १०:३० ची. दीड तास म्हणजे चिक्कार, असं मला वाटलं. नऊवारी नेसायला किती वेळ लागतो, त्याहून जास्त कशाला लागेल?

९ ला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. दारात चपला-बुटांचा ढीग बघूनच पोटात गोळा आला. नऊचीच वेळ असलेली वीस-बावीस माणसं आत होती, त्यातला एक अख्खा ग्रुप एकाच टूरचा. हातात नंबराचा बिल्ला. २० मिनिटांनी किमोनो निवडायला सोडलं. रांगेने टांगलेले शंभरेक किमोनो, आणि माझी आई. जिने लक्ष्मी रोडवर एका पैठणीसाठी चार दुकानं पालथी घातली आहेत, तिला सांगितलं, "दहा मिनिटांत निवडा."

आईने सरळ लोंबत्या बाह्यांचा डाळिंबी किमोनो ओढला. दुकानातली मुलगी अवघडली. मग मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं की एवढ्या लांब बाह्यांचा, म्हणजे फुरिसोदे, लग्न न झालेल्या मुली नेसतात. आई म्हणाली, "अगं मग तिला सांग, मी विधवा आहे, म्हणजे आता लग्न झालेली नाहीच." मी हे भाषांतर केलं नाही. शेवटी आखूड बाह्यांचा मोरपिशी ठरला. मग आमच्या स्वस्तातल्या पॅकेजमधले ओबी, म्हणजे कमरेचे रुंद पट्टे, बाजूला सारून "हा बघा, हा जरीचा, फक्त दीड हजार जास्त" असं सुरू झालं. मग लेसची कॉलर. मग केसातली फुलं. दर वेळी नाही म्हणायला एक मिनिट, आणि प्रत्येक मिनिट माझ्या खिशातून. भाड्याचे किमोनो बहुतेक पॉलिएस्टरचेच असतात. फोटोत रेशीम की पॉलिएस्टर ते कळत नाही. जरीचा ओबी मात्र कळतो, तो मी घ्यायला हवा होता असं आता वाटतं. घाईत नको म्हटलं.

९:५० ला आईला आत घेतलं. मला १०:१५ ला. नवरा? तो तोपर्यंत दहा मिनिटांत तयार होऊन बाहेर बाकावर बसला होता. पुरुषांचा ओबी पोटाखाली बसतो, त्यामुळे सुटलेलं पोट तिथे गुण ठरतं. नेसवणाऱ्या काकांनी त्याच्या पोटावर समाधानाने थोपटलं म्हणे. तेव्हापासून व्यायामाचा विषय घरात बंद आहे.

नेसवणं मात्र बघण्यासारखं. माझ्या आईच्या वयाची बाई, तोंडाने एक शब्द नाही, हात थांबत नाहीत. आधी आतला पातळ थर, मग नागाजुबान, म्हणजे किमोनोखालचा लांब झगा, मग किमोनो. डावी बाजू वर, उजवी आत. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे आरशात बघून "अरे, हे उलटं झालं" म्हणून आपण हात घालू नये. उंचीला जास्त असलेलं कापड कमरेशी वर ओढून दोरीने बांधतात आणि घडी खाली सोडतात. आपण निऱ्या खोचताना उंची जुळवतो, तोच हिशोब. पण पुढे तिने माझ्या कमरेभोवती टॉवेल गुंडाळायला घेतले आणि मी चाट पडले. आयुष्यभर कंबर दिसावी म्हणून साडी चापूनचोपून नेसली, आणि इथे कंबर बुजवायची! किमोनोला अंग सरळसोट नळकांड्यासारखं लागतं, नाहीतर ओबीला चुण्या पडतात. मागे मान उघडी राहील अशी कॉलर खाली ओढली. मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवलं. ओबीची शेवटची गाठ आवळली तेव्हा सकाळी खाल्लेल्या दोन ओनिगिरींची, म्हणजे भाताच्या गोळ्यांची, आठवण झाली. पोटभर नाश्ता करून जाऊ नका.

हे सगळं होईपर्यंत पावणेअकरा. आणि पुढे केसांची रांग! आमच्यापुढे सहाजणी. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, फोटोग्राफर थांबली आहे, केस राहू द्या. मुलगी वाकून वाकून माफी मागत होती आणि रांग होती तिथेच होती. पैसे भरलेत ना, मग नको कसं म्हणता, असा तिचा सूर. सामान ठेवायचा कागद भरा, परत यायची वेळ ५:३०, उशीर झाला तर जादा पैसे, इथे सही. मी दारातून फोटोग्राफरला मेसेज टाकत होते: दहा मिनिटं. अजून दहा मिनिटं. तिचं प्रत्येक वेळी एकच उत्तर, "घाई करू नका, पायऱ्या जपून." त्या शांतपणाने मला जास्त मेल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, "मी पुढे जाऊन तिला भेटतो, निदान माझे तरी फोटो होतील." मी फक्त बघितलं. तो बसला.

बाहेर पडलो तेव्हा ११:०५. फोटोग्राफर थांबली होती त्या यासाका पॅगोडाच्या चढापर्यंत एरवी सात-आठ मिनिटं. पण झोरी, म्हणजे किमोनोवरच्या सपाट चपला, घालून, गुडघे बांधल्यासारखी पावलं टाकत पंधरा लागली. पॅगोडा ४६ मीटर उंच, आत्ताचा १४४० चा. एवढा मोठा दिसत असून जवळ येत नाही, याचा मला त्या दिवशी राग आला.

फोटोग्राफर जपानी होती, इंग्रजी नेमकं बोलायची. तिची पुढची भेट १२ ला होती, तरी तिने १५ मिनिटं जास्त दिली. तेवढ्यात तिने जे शिकवलं ते आधी माहीत असतं तर वेळ वाचला असता. पावलं लहान, टाचा किंचित बाहेर. हात वर करायचा तर दुसऱ्या हाताने बाही धरायची, नाहीतर फोटोत कोपरापर्यंत उघडा हात तेवढा दिसतो. छत्री खांद्यावर. पाठमोरे फोटो काढून घ्या, कारण सगळी मेहनत ओबीच्या गाठीत असते. त्या चढावर साडेअकराला इतकी गर्दी की प्रत्येक फोटोत आमच्यासारखेच भाड्याचे किमोनो नेसलेली दहा माणसं. वर मधूनच टॅक्सी येते. गल्ली मोकळी हवी तर सकाळी सातच्या आत जायचं. पण दुकानं उघडतात नऊला. लवकर नेसवून देणारी दुकानं आहेत, जादा पैसे घेतात. ते पैसे जरीच्या ओबीपेक्षा चांगले खर्च झाले असते. संध्याकाळचं म्हणाल तर नोव्हेंबरअखेर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला किमोनो परत.

मी तिला म्हटलं, गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या लाकडी घरांच्या अरुंद बोळात जाऊ या का. ती ठाम नाही म्हणाली. तिथल्या खासगी बोळांत २०२४ पासून पर्यटकांना बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत. लोक माईकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, मागे कॅमेरा घेऊन धावत, त्याला रहिवासी कंटाळले. बऱ्याच देवळांच्या आवारातही व्यावसायिक फोटो काढायला आधी परवानगी लागते. त्यामुळे फोटोग्राफर ठरवताना "कुठे काढता येतील" हे आधी विचारा, नाहीतर आपण इंटरनेटवर बघितलेली जागा मनात धरून बसतो. आणि ती तिथे कायदेशीर काम करणारी आहे ना, तेही. पर्यटक म्हणून आलेल्याला पैसे घेऊन फोटो काढता येत नाहीत.

पन्नासाऐवजी एकतीस फोटो आले. तिने थोडे पैसे परत करायची तयारी दाखवली, मला ते घ्यायची लाज वाटली. चूक दुकानाची आणि माझ्या हिशोबाची. दुकानाला मी परत गेल्यावर सांगितलं. पुन्हा वाकून माफी, आणि एक छापील कागद, ज्यावर लिहिलं होतं की तयारीला ६० ते १२० मिनिटं लागू शकतात. तो कागद बुकिंगच्या वेळी कुठे होता ते विचारायचं राहिलं.

फोटो संपल्यावर आमचाच दिवस उरला. सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्यांवर पडलं तर तीन वर्षांत मरण येतं अशी तिथे समजूत आहे. हे मी आईला वर पोचल्यावर सांगितलं. कियोमिझुदेरा देवळाचा तो १३ मीटर उंच लाकडी सज्जा, खाली मोमिजीची, म्हणजे मेपलची, लालभडक पानं, आणि तिथे शेवटी नवऱ्याच्या मोबाइलवर अंगठ्यासकट फोटो.

हो, बाथरूमचं राहिलं. एकेक थर वेगळा वर घ्यायचा, बाह्या ओबीत खोचायच्या, आणि पाश्चात्त्य पद्धतीचा कमोडच शोधायचा. पाणी कमी प्या असं सांगणार नाही, पण दुकानातून निघण्यापूर्वी जाऊन या, म्हणजे नेसण्याआधी. आणि आपली एक छोटी पिशवी न्या. दुकानातूनही एक मिळते, पण त्यात मोबाइल आणि रुमाल एवढंच मावतं, पासपोर्टला जागा नाही, आणि तो जवळ बाळगणं बंधनकारक आहे. आमच्या तिघांचे पासपोर्ट नवऱ्याच्या किमोनोच्या छातीशी होते.

अंगठा वेगळा असलेले ते पांढरे ताबी मोजे मात्र दुकानाने परत घेतले नाहीत. नाशिकला डिसेंबरात आई ते घालून अंगठ्याच्या चपलेत स्वयंपाकघरात फिरते. तिच्या मते चौदा हजारांत वसूल झालेली वस्तू तेवढीच.