अपडेट ७ : वाईची कॅसेट, दोन खोटे साक्षीदार आणि सहा पिप

मंडळी, मागच्या वेळी मी लिहिलं होतं की वाईच्या कॅसेटचा वेग जमला, आता फक्त सफाई उरली. ते मागे घेते. वेग जमला नव्हता. पाच आठवडे त्यातच गेले. परवा रात्री साडेअकराला उत्तर सापडलं, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात : टीडीके डी-९० ही कॅसेट मी संगणकावर उतरवून दुरुस्त करते आहे. ती माझ्या मामाने २५ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी वाईच्या घरी भरली. आदल्या दिवशी लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी गेला होता, वयाच्या ४५ व्या वर्षी. आपल्याला एड्स आहे हे त्याने जाहीर केल्याला जेमतेम एक दिवस झाला होता. मामा आणि त्याचे दोन मित्र क्वीनच्या एलपी लावत बसले, टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) समोर ठेवला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि गाण्यांच्या मधल्या वेळात बोलत राहिले. मामा २०१४ साली गेला. त्याचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे.

आधी जमलेल्या गोष्टी. कॅसेटमधलं प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारी गादी) गळून पडलं होतं, टेप दुसऱ्या पाच स्क्रूच्या खोक्यात घातली, एकही सुरकुती न पडता. अ‍ॅझिमथचा (हेड टेपशी काटकोनात बसवण्याचा) स्क्रू पाव फेरीपेक्षाही कमी फिरवला आणि झांजा एकदम उघडल्या. तो क्षण मी तीनदा ऐकला. माझ्या कॅसेट डेकचा बेल्टही बदलला. मॉडेल नंबर टाकून ऑनलाइन मागवलेले दोन्ही बेल्ट ढिले निघाले. शेवटी जुना बेल्ट खिशात घालून पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. तिथल्या काकांनी तो पट्टीवर सपाट धरून मापला आणि दोन मिनिटांत बरोबर जोडीचा काढून दिला. बेल्ट हातात धरून घ्यावा, हे माझं ठाम मत झालं आहे.

आता मूळ दुखणं. डेक टेस्ट टेपवर (माहीत असलेल्या सुराच्या टेपवर) लावून घेतलेला, त्यामुळे माझ्या बाजूने वेग बरोबर. पण १९९१ मध्ये टू-इन-वनने टेप कोणत्या वेगाने ओढली, हे कसं कळणार? मी दोन साक्षीदार काढले. पहिला, रेकॉर्डिंगमधला मेन्सचा हम, म्हणजे घरातल्या विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची. स्पेक्ट्रममध्ये ५० च्या आसपास बारीक फरक दिसत नाही, म्हणून दहावा हार्मोनिक (दहापट फ्रिक्वेन्सीचा सूर) बघितला : ५०१. म्हणजे हम ५०.१ हर्ट्झ. दुसरा साक्षीदार ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. मूळ गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, टेपवर ५ मिनिटं ५४. सूरही मूळ गाण्यासारखाच पेटीवर काळी पाचला चपखल. दोघांची साक्ष जुळली, म्हणून मी अपडेट ६ लिहिलं.

मग आईला ऐकवलं. मामा तिचा मोठा भाऊ. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “हा दादा नाही. दादा इतक्या घाईनं कधी बोलायचा नाही.”

मी तिला आकडे दाखवले. तिने ते बघितलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, इतक्या वर्षांत आठवण बदलली असेल. हा विचार मनात आला याचं मला आज वाईट वाटतं.

आठवडाभर मी वाव-फ्लटरच्या (वेगातल्या थरथरीच्या) मागे लागले, पिंच रोलर बदलला, हेड पुन्हा घासलं. काही फरक नाही. मग वाईला गेले तेव्हा माळ्यावरून मामाचा टर्नटेबल खाली काढला, प्लॅटर उचलला आणि मोटरवरचा पत्रा वाचला : सिंक्रोनस, २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथेच खाली बसले. सिंक्रोनस मोटर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. वीज मंदावली की तबकडी मंदावते. म्हणजे माझे दोन साक्षीदार एकाच घरचे होते! हम आणि गाणं, दोघांची दोरी त्या संध्याकाळच्या विजेच्या हातात. ते एकमेकांशी जुळणारच होते.

आणि त्या काळात आपल्याकडची फ्रिक्वेन्सी ५० वर ठाम नसे. मागणी वाढली की ती ४९ च्याही खाली घसरायची. पश्चिम विभागात २००२ साली एबीटी (अ‍ॅव्हेलेबिलिटी बेस्ड टॅरिफ) दरपद्धत आली, कमी फ्रिक्वेन्सीला जादा वीज ओढणं महाग झालं, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. नोव्हेंबरातली संध्याकाळ, घरोघरी दिवे, रब्बीचे पंप. ५० धरायला मला आधारच नव्हता.

मग विजेशी नातं नसलेला तिसरा साक्षीदार हवा होता. घड्याळाची टिकटिक शोधली, मिळाली नाही. एसटीचा हॉर्न सापडला, पण त्याचा सूर कोण सांगणार? शेवटी आईलाच विचारलं, त्या संध्याकाळी घरात आणखी काय वाजत होतं? ती म्हणाली, “साडेआठच्या इंग्रजी बातम्या. दादानं रेडिओ लावला आणि आम्हाला सगळ्यांना गप्प बसवलं.”

साडेआठ, म्हणजे ग्रिनिचचे तीन. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, आणि तासाच्या ठोक्याला सहा पिप, म्हणजे अचूक वेळ सांगणारे छोटे सूर.

बी बाजू मी गाणी संपल्यावर थांबवली होती, पुढे कोरी समजून. परवा रात्री ती शेवटपर्यंत चालवली. चार मिनिटं नुसता हिस, मग खट्ट, शॉर्टवेव्हची लाट, आणि पिप, पिप, पिप, पिप, पिप, शेवटचा लांब. बातमी सुरू होताच रेकॉर्डिंग बंद. मी खुर्चीतून उठले आणि खोलीत चक्कर मारून परत बसले.

पिपचा सूर १ किलोहर्ट्झ, दोन पिपमध्ये बरोबर एक सेकंद. शॉर्टवेव्हवर आवाज वर-खाली होतो, पण एएम असल्यामुळे सूर हलत नाही. माझ्या फाइलमध्ये लांब पिप १०३१ च्या आसपास. तो अर्धा सेकंदच असतो, एवढ्या छोट्या तुकड्यावर मी विसंबणार नव्हते, म्हणून पहिल्या पिपच्या सुरुवातीपासून सहाव्याच्या सुरुवातीपर्यंत मोजलं. ५ सेकंद हवेत, आले ४.८५. तेच प्रमाण. टू-इन-वनने टेप सुमारे ३ टक्के सावकाश ओढली होती, म्हणून ती आज ३.१ टक्के जलद वाजते.

आता उलटा हिशेब करा. ५०.१ ला १.०३१ ने भागा : ४८.६ हर्ट्झ. त्या संध्याकाळची वाईतली वीज. तबकडी ३३⅓ ऐवजी ३२.४ फेऱ्यांनी फिरत होती आणि गाणं खोलीत ६ मिनिटं ५ सेकंद चाललं. वीज मंद, टेपही मंद. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि फ्रेडी सुरात आला. झाकला गेला नाही तो फक्त मामाचा आवाज.

एक विनंती : हम आधी पुसू नका. मी सफाईच्या नादात नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) लावणारच होते. कच्ची फाइल जपली म्हणून ४८.६ मिळाले.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ केलं. नुसता पिच (सूर) किंवा नुसता टेम्पो (लय) नव्हे, दोन्ही एकत्र हलले पाहिजेत. आणि मामा बोलायला लागला. खालचा, रेंगाळणारा, वाक्याच्या शेवटी थांबणारा आवाज. तो सांगतोय की पुण्यात हॉस्टेलवर असताना शेजारच्या खोलीतल्या इराणी मुलाकडे क्वीनची कॅसेट होती, आणि मधला ऑपेराचा भाग आला की जेवणारी पोरं हातातला घास तसाच धरून बसायची. “तिघांनी मिळून अख्खं भजनी मंडळ उभं केलंय,” म्हणतो. मग पाचगणीचं सांगतो. फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडीच, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच द हेक्टिक्स या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे कळल्यावर मामा पसरणीचा घाट चढून शाळेच्या फाटकापाशी गेला होता. आत गेला नाही. “काय सांगणार होतो वॉचमनला? उभा राहिलो. वारा होता. पोरं खेळत होती. वाटलं, हाच वारा त्यानंही खाल्ला असेल.” जलद वेगात हे वाक्य मी वीसदा ऐकलं होतं. त्यातला “उभा राहिलो” नंतरचा थांबा मला परवा पहिल्यांदा ऐकू आला.

आता योजना बदलते. मूळ बेत होता की गाण्यांच्या जागी सीडीवरचा स्वच्छ आवाज बसवायचा आणि मध्ये मामाचं बोलणं ठेवायचं. तो रद्द. त्या खोलीत त्या चौघांनी (आई दारात उभी होती, तिलाही धरते) जो फ्रेडी ऐकला तो काळी पाचच्या जवळजवळ अर्धा सेमीटोन (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मं) खाली गात होता. फ्रेडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तसाच ऐकला. तो मी सुरात आणणार नाही. मामाच्या मित्रांसाठी एकच प्रत, पिपच्या वेगाची.

आणि हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. टर्नटेबलची मोटर चालते, बेअरिंगला तेल घातलं आहे. ऑसिलेटरमधून ४८.६ हर्ट्झची साइन लाट काढायची, छोट्या अ‍ॅम्पवर वाढवायची, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून २२० पर्यंत न्यायची. मोटर काही वॅटचीच, जमायला हवं. एलपी अजून वाईलाच आहे. त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात, ६ मिनिटं ५ सेकंद. सिंक्रोनस मोटरला असा पुरवठा कोणी दिला असेल तर अ‍ॅम्पची ताकद किती ठेवावी ते सांगा, मोटर तापू द्यायची नाही.

दुरुस्त केलेली फाइल काल रात्री आईला ऐकवली. शेवटची घंटा विरली की सुई उचलल्याचा आवाज येतो, मग अकरा सेकंद कोणीच बोलत नाही, मग मामा म्हणतो, “पहिल्यापासून लावू का रे?”

आई म्हणाली, “लाव.” माझ्याकडे बघून नाही.

रविवारी ट्रान्सफॉर्मर घेऊन वाईला निघते आहे. तीही येते आहे.