रिमोट दुकानात चालतो, घरी चालत नाही

मे महिन्यातलं आहे हे, परभणीचं दुपारचं ऊन, स्टेशन रोडला माणूस दिसत नव्हता आणि वसमत रोडकडचे एक काका टीव्हीचा रिमोट रुमालात गुंडाळून माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आले. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. म्हणले, "दादा, कालपासून एकबी बटन चालना गेलंय, सेल नवे टाकून बघितले. एकजण म्हणला टीव्हीचं बोर्ड गेलंय, तीन-चार हजार लागतील."

मी रिमोट कधीच आधी खोलत नाही, आधी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा. रिमोटचा उजेड इन्फ्रारेड, 940 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्यात जांभळा चमकतो (मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो म्हणून सेल्फीवालाच घ्या). सगळ्या बटनांना एलईडी चमकला. दुकानात त्याच कंपनीचा टीव्ही होता, त्याच्यावर तर मस्तच चालला. म्हणजे रिमोट चांगला. पण काका इतके काळजीत होते की संध्याकाळी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो.

घरी खरंच चालंना. पण रिमोट टीव्हीच्या सेन्सरला (रिमोटचा उजेड पकडणारा डोळा) अगदी टेकवून दाबला की चालू व्हायचा, जरा मागं सरकलं की बंद. इथंच मला वाटलं बोर्डबिर्ड काही गेलेलं नाही, सेन्सर जिवंत आहे, त्याला दुसरं कायतरी त्रास द्यायलंय. लाईट सगळे बंद करून बघितले, फरक नाही. मग कॅमेरा चालू ठेवून मोबाईल खोलीभर फिरवला आणि टीव्हीच्या समोरच्या शोकेसमध्ये जांभळा ठिपका, कुणी हात न लावता सारखा लुकलुक करायलेला. सेट टॉप बॉक्सचा रिमोट! त्याचे सेल काढले आणि काकांचा टीव्ही पार दारातून चालला.

काकांचा नातू आठवीत आहे, त्यानं सांगितलं. बॉक्सच्या रिमोटचं ओके बटन लागत नव्हतं म्हणून व्हिडिओ बघून त्यानं आतल्या बोर्डावर पेन्सिल घासली, मग एकबी बटन लागंना म्हणून नव्या सेलसकट तसाच ठेवून दिला. बोर्डावर बटनाखाली दोन कंगवे एकमेकात घुसवल्यासारख्या काळ्या पट्ट्या असतात, त्या एकमेकीला चिकटलेल्या नसतात, रबराखालची कार्बनची गोळी दाबली की जोडतात. पेन्सिलीचं ग्राफाईट वीज वाहून नेतं, त्यानं त्या कायमच्याच जोडल्या गेल्या, म्हणजे बटन चोवीस तास दाबलेलं. कोड बॉक्सचा असल्यानं टीव्ही काही करत नव्हता, पण असल्या रिमोटचा उजेड सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्हीचा सेन्सरबी तेवढ्यावरच कान लावून असतो, मग एवढ्या गोंधळात खऱ्या रिमोटचं त्याला ऐकूच जात नाही.

पोराला कुणी रागवू नका म्हणलं, त्याची कल्पना चुकीची नव्हती, जागा चुकली. घासायचंच तर रबराच्या गोळीवर, आणि त्याच्याबी आधी साफसफाई, कारण बऱ्याच केसमध्ये रबरातून सुटलेलं चिकट तेल आणि हाताचा घाम एवढाच आजार असतो. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसावर घेऊन पुसायचं, ब्लेडनं खरवडायचं नाही, काळ्या पट्ट्या छापलेल्या असतात, उखडल्या की बोर्ड गेला.

बॉक्सचा रिमोट दुकानात आणला, नातूबी मागं आला आणि सगळी पेन्सिल त्यानंच पुसली. ओकेची गोळी झिजलेली होती, मीटरवर किलो ओहम (हजारात) दाखवायली म्हणजे वीज नीट जाईना, चांगली गोळी शंभर-दोनशे ओहमच्या आसपास असते. लाल-हिरवी रंगीत बटनं त्यांच्या घरी कुणी दाबत नाही, त्यातल्या एकाची गोळी कापून ओकेखाली सिलिकॉननं चिकटवली (फेविक्विक ह्या रबराला धरत नाही, उगी वाया घालवू नका) आणि रात्रभर दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी नातू घेऊन गेला. आता गल्लीतल्या लोकांचे रिमोट तोच मोबाईलमध्ये बघून सांगतो, खरंच बिघडलेला असला तरच माझ्याकडं पाठवतो.