लंडनला गेलो आणि मर्फीचं माहेर शोधत बसलो

लंडनला येऊन टॉवर ब्रिज सोडून वेस्ट डलिचला कोण जातं, असं मामेभावाने विचारलं. ज्याच्या माळ्यावर मर्फीसारख्या जुन्या वाल्व रेडिओंची (ट्रान्झिस्टरच्या आधीचे, आत काचेच्या नळ्या असलेले) थप्पी आहे आणि त्यावरून जो घरी रोज बोलणी खातो, तो जातो!

व्हिक्टोरियाहून ऑर्पिंग्टनची लोकल पकडायची, ब्रिक्स्टन, हर्न हिल आणि मग वेस्ट डलिच, पाव तासाच्या आत पोचतो. तिथून रोझंडेल रोडवर चालत. बाहेरून बघाल तर शेजारच्या घरांसारखंच जुनं घर, पण आत ब्रिटिश व्हिंटेज वायरलेस अँड टेलिव्हिजन म्युझियम. हे जेराल्ड वेल्स यांचं राहतं घर, १९२९ मध्ये जन्म इथलाच. पोरवयात वायरलेसचं सामान ढापल्यामुळे सुधारगृहात जाऊन आलेला माणूस, पुढे त्याच नादात १९७४ ला घराचंच म्युझियम केलं. २०१४ मध्ये ते गेले, आता बाकीची मंडळी सांभाळतात. आधी कळवून वेळ घ्यावी लागते, उठलं आणि गेलं असं चालत नाही.

आत गेलो आणि काय सांगू, खोल्या भरल्या, जिने भरले, मग परसात शेड, त्या शेडमधून पुढची शेड, सगळीकडे रेडिओच रेडिओ. आणि वास! गरम झालेलं मेण, धूळ, जुनं लाकूड. ज्याने कधी वाल्व सेटची मागची फळी उघडलीय त्याला लगेच कळेल.

मला बघायचा होता मर्फी. आपल्याकडे मर्फी म्हणजे ओठावर बोट ठेवलेलं ते बाळ आणि 'घर घर की रौनक', त्यामुळे कित्येकांना ती देशीच कंपनी वाटते. पण मूळ कंपनी १९२९ ला लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीत फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी काढलेली. फ्रँकसाहेब १९३७ लाच बाहेर पडले, नाव मात्र आपल्या दिवाणखान्यापर्यंत आलं. तीसच्या दशकातल्या मर्फींची कॅबिनेटं डिक रसेल या फर्निचर डिझायनरची, नक्षी नाही की काही नाही, नुसतं व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि सरळ रेषा. त्यासमोर एको या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचा १९३४ चा गोल, बेकलाइटचा (जुनं कडक प्लास्टिक) एडी-६५ होता. सगळे फोटो त्याचेच काढतात, मी पण काढला, पण घरी ठेवायला मला मर्फीच आवडेल.

डायल बघताना जास्त मजा आली. इथल्या सेटवर लाँग वेव्ह आणि मीडियम वेव्ह, वर छापलेली युरोपातल्या स्टेशनांची नावं, ड्रॉइटविच, हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग. आपल्याकडे लाँग वेव्हचं प्रसारण नव्हतंच, त्यामुळे आपल्या सेटवर एक मीडियम आणि बाकी शॉर्ट वेव्हचे बँड, सिलोन तिथेच लागायचं ना. म्हणजे नाव तेच मर्फी, पण आत स्टेशन पकडणारं कॉइल पॅक, बँड बदलायचा स्विच सगळं वेगळं.

आम्हाला फिरवणारे आजोबा स्वतः दुरुस्ती करतात, मग काय, सोबतची मंडळी पुढे गेली आणि आम्ही दोघं कंडेन्सरवर (वीज साठवणारा, डीसी अडवणारा छोटा भाग) अडकलो. दुखणं तिथल्या आणि आपल्या सेटचं एकच. जुने कागदी कंडेन्सर लीक होतात, त्यातला आउटपुट वाल्वच्या (स्पीकर चालवणारा वाल्व) ग्रिडकडे, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीकडे जाणारा सगळ्यात घातकी, तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, वाल्व नको इतका करंट खेचतो, लालबुंद होतो आणि जाताना स्पीकरच्या आधीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. म्हणून जुन्या बाजारातून आणलेला सेट थेट प्लगला लावायचा नाही, आधी कंडेन्सर बघा, मग सिरीज बल्ब (करंट मर्यादित ठेवायला वायरीत मध्ये जोडलेला बल्ब) लावून चालू करा. आणि एसी-डीसी सेट असेल तर अजूनच जपून, त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, चासीच (आतला धातूचा सांगाडा) मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला जोडलेली असते, नॉबचा स्क्रू उघडा राहिला तरी झटका.

भांडण (प्रेमाचं) झालं ते पुढच्या गोष्टीवर. आजोबा जुना कंडेन्सर गरम करून त्याचा गाभा ओढून काढतात, त्या नळीत नवा छोटा कंडेन्सर घालतात आणि परत मेणाने बंद करतात, उघडून बघितलं तरी सगळं जुनंच दिसतं. हात बघून मी थक्क झालो हे खरं, पण मला स्वतःला हे पटत नाही. मी नवा पिवळा कंडेन्सर सरळ दिसेल असा लावतो, पुढे जो कोणी उघडेल त्याला कळू दे की इथे कोणीतरी काम केलंय. आजोबा फक्त हसले.

मग त्यांनी वॉरटाइम सिव्हिलियन रिसीव्हर (युद्धकाळात सामान्य लोकांसाठी बनवलेला रेडिओ) दाखवला, १९४४ चा. युद्धामुळे सामानाची टंचाई, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी मिळून एकाच डिझाइनचा बनवला, साधी लाकडी पेटी, वर कंपनीचं नाव नाही, फक्त मीडियम वेव्ह. आणि हे डिझाइन करणारे डॉ. रेनल्ड्स मर्फीचेच! लाँग वेव्हची भानगड नाही, मेन्स व्होल्टेज आपल्याच आसपासचं, म्हणजे पुण्यात आणून लावण्यासारखा हाच एक सेट. मामेभावाला तिथूनच फोन केला की असा कुठे विकत मिळतो का बघ. तो म्हणाला, "दादा, आधी बॅगेतली चॉकलेटं काढ, मग बोलू."