तुम्ही विचारलंत म्हणून: उडतं का ते?

"उडतं का ते?" मी घरी जोडलेल्या ड्रोनकडे बघून येणारा प्रत्येक माणूस मला हे विचारतो. पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात, पार्सल आणून देणारा मुलगा विचारतो. त्याचा तर हक्कच आहे, एकेक पाकीट त्यानेच आणून दिलंय. मी "हो" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग दाखवा ना." "नाही" म्हटलं तर त्याहून ठरलेलं: "मग रेडीमेड का नाही घेतलंत?" आजवर काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

त्या "ते"बद्दलही बोलायचं आहे. विकतचा असता तर तुम्ही "तो ड्रोन" म्हणाला असतात. माझं मात्र "ते". टेबलावरचं ते, वायरी लोंबणारं ते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मीही "ते"च म्हणतो.

त्यात काय काय असतं हे तुम्ही माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ असेल: कार्बन फायबरची फ्रेम, चार मोटरी, त्यांना वीज मोजून देणारा ईएससी, सगळ्याचा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. यादी सोपी आहे. यादी सोपी आहे म्हणूनच मी फसलो. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "भाग आल्यापासून दोन आठवडे." खाली दोन रेघा मारल्यात. हे लिहिणाऱ्या माणसाशी मला आजही भांडायचं आहे. दोन आठवडे कशाच्या जोरावर, बाबा? आयुष्यात तू सोल्डरिंग किती केलं होतंस? एका जुन्या रेडिओची तुटलेली वायर. तीही पुन्हा तुटली.

रेडीमेड का नाही, याचं खरं उत्तर मी कधी दिलेलं नाही. "शिकायला मिळतं" असं सांगत आलो. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. स्वस्त पडतं, असंही एकदोनदा म्हणालो होतो, ते मात्र साफ खोटं. एक क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) करायला निघालं की चार्जर लागतो, रेडिओ (म्हणजे उडवायचा रिमोट) लागतो, बरी इस्त्री (सोल्डरिंगची, कपड्यांची नव्हे) लागते, मल्टिमीटर लागतो, आणि पंख्यांचे सेट तर शेंगदाण्यासारखे संपतात. खरं कारण असं की कुणीतरी "कुठून घेतलंत?" विचारावं आणि मी "घेतलं नाही, केलं" म्हणावं, ही हौस होती. आता ती किती महागात पडली ते सांगतो.

सोल्डरिंगने पहिला महिना खाल्ला. छोटे सांधे जमले. बॅटरीच्या जाड वायरी काही केल्या जमेनात. इस्त्रीवर 350 अंश दिसायचं, माझं सोल्डर तर 183 अंशांनाच वितळतं, मग चिकटत का नाही? कारण जाड तांबं आणि बोर्डातला ऋण बाजूचा पत्रा, दोघं मिळून टोकाची सगळी उष्णता ओढून घेतात. वरून गोळा बसल्यासारखा दिसतो, पण तो राखाडी, निस्तेज असतो आणि नखाने ढकलला की सुटतो. जमलेला सांधा वेगळाच दिसतो: सोल्डर तारेच्या केसाकेसांत शिरतं, कडा पाण्यासारखी पॅडवर पसरते. रुंद टोक, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ते) आणि घाई न करणं, एवढंच लागतं. हे मला कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होतो. सगळ्यांनी सांगितलं होतं.

मी बेफिकीर माणूस नाही, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचं मत वेगळं होणार आहे. पहिल्यांदा बॅटरी लावली ती मध्ये बल्ब जोडून. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि बोर्ड वाचतो. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. मग मोटरी गायल्या. त्यात स्पीकर नसतो, मोटरीचीच गुंडाळी थरथरवून ईएससी सूर काढतो: आधी तीन, मग दोन. मी बायकोला हाक मारून ते पाच सूर ऐकवले. ती म्हणाली, "छान आहे. उडतं का?"

आता मुख्य गोष्ट.

बॅटरीची वायर मागून बाहेर यावी म्हणून मी कंट्रोलर आणि ईएससी ही बोर्डांची जोडी फ्रेममध्ये उलट्या तोंडाने बसवली होती. बोर्डावर एक बाण असतो, तो पुढे हवा, माझा मागे. असं चालतं, फक्त सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की बोर्ड 180 अंश फिरवलाय. बीटाफ्लाइट या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट आहे. मी मोटरींचे क्रमांक तपासले, ते उलटे निघाले, ते नीट लावून घेतले. बोर्डाच्या दिशेची चौकट तशीच राहिली. गंमत बघा: मी काहीच बदललं नसतं तरी ते उडालं असतं, फक्त पाठ पुढे करून. अर्धी दुरुस्ती केली आणि वाट लावली.

कारण आता मोटरी एका बाजूला तोंड करून होत्या आणि जायरो, म्हणजे यंत्र कसं फिरतंय ते मोजणारा सेन्सर, दुसऱ्या. यंत्र उजवीकडे कललं की जायरोला ते डावीकडे कलल्यासारखं दिसणार. मग कंट्रोलर डावी बाजू उचलणार, म्हणजे ते आणखी उजवीकडे कलणार. जितकं सावरायला जाईल तितकं पडेल. हे आज मला एका श्वासात सांगता येतं.

बरं, तपासणी केली नव्हती असंही नाही. स्क्रीनवर क्वाडचं चित्र असतं, हातातलं यंत्र हलवलं की ते तसंच हलतं. यूएसबीची केबल आखूड होती. उचललं की ओढली जायची, म्हणून मी ते टेबलावरच ठेवून सपाट फिरवलं. चित्र बरोबर फिरलं. मी वहीत बरोबरची खूण केली. नेमकी तीच एक हालचाल अशी आहे की बोर्ड 180 अंश फिरलेला असला तरी ती बरोबरच दिसते. नाक दोन बोटं वर उचललं असतं तर चित्रातलं नाक खाली गेलं असतं.

त्या संध्याकाळी मोकळ्या जागेत तीनदा उडवायचा प्रयत्न केला. एकदा उजवीकडे उलटलं, एकदा पुढे, एकदा मागे. आणि दर वेळी मोटरी आपोआप बंद. यंत्र जमिनीवरून सुटतानाच हाताबाहेर जातंय असं दिसलं तर मोटरी तोडायची सोय बीटाफ्लाइटमध्ये असते. ती चोख काम करत होती. मला वाटलं, हीच आड येतेय. मोटरी मध्येच बंद पडतात म्हणूनच पडतं! घरी येऊन मी ती सोय बंद केली. एक ओळ टाइप करावी लागते, ती मी शांतपणे, चहाचा घोट घेत टाइप केली.

आणि मग सुचलं की दर वेळी वेगळीकडे पडतंय, तर हातात धरून बघावं, नक्की कुठे ओढतंय ते बोटांना कळेल. याला माझ्याकडे ऐतिहासिक दाखलाही होता. आदल्याच आठवड्यात वाचलं होतं की 1907 साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि रिशे यांनी चार पंख्यांचं यंत्र माणसासकट जमिनीवरून उचललं, तेव्हा ते स्थिर राहावं म्हणून चार माणसं चार बाजूंनी धरून उभी होती. चौघांनी धरलं होतं तर आपण एकट्याने धरू, हा माझा हिशेब.

डाव्या हातात खालून फ्रेम धरली. रेडिओ टेबलावर, उजवा हात त्यावर. मोटरी चालू करणारा आर्मचा स्विच टाकला, पंखे सावकाश फिरायला लागले. थ्रॉटल (मोटरींचा जोर वाढवणारी स्टिक) जरासा, अगदी जरासा वर. मनगट उजवीकडे किंचित झुकलं असेल. हातात धरलेलं यंत्र कंट्रोलरला सावरता येत नाही, म्हणून तो जोर वाढवत जातो. आणि माझा तर उलट्या दिशेने वाढवत होता. भुणभुण होती ती एकदम किंचाळी झाली. मी थ्रॉटल खाली ओढला असेन, नसेनही. यंत्र मुठीत वळलं, पंखा अंगठ्याच्या बुडापासून तर्जनीवर असा गेला. दुखलं नाही. आधी आवाज आला, पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखा. मग टेबलावर ठिपके दिसले, आणि ते जमिनीवर पालथं पडून स्वतःचे पंखे फरशीवर तोडत होतं. स्विच बंद करायला मला दोन वेळा हात न्यावा लागला.

2400 केव्हीची मोटर (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 2400 फेरे), भरलेली चार सेलची बॅटरी, म्हणजे 16.8 व्होल्ट. गुणाकार करा: बिनभाराने मिनिटाला सुमारे 40,000 फेरे. पंखा लावल्यावर कमी होतात, पण बोटाला तो फरक कळत नाही.

अंगठ्याला पाच टाके, तर्जनीला तीन. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? मी म्हणालो, पंख्याने. "छताच्या?" मग सगळं सांगावं लागलं. त्यांनी तिसरा टाका घातला, दोरा कापला, आणि मान वर न करता विचारलं, "मग उडतं का ते?"

म्हणून तुमच्या प्रश्नावर माझा चेहरा तसा होतो.

चूक सापडली पंधरा दिवसांनी, बँडेज असताना, लांब केबल आणल्यावर. नाक उचललं, चित्रातलं नाक खाली. मी बराच वेळ ते वरखाली करत बसलो. एका चौकटीत 0 होता, तिथे 180 लिहिलं. बस्स. बंद केलेली सोयही चालू केली.

त्यानंतर ते उडलं. पहिल्यांदा 40 सेकंद, कमरेइतकं वर. त्या 40 सेकंदांचं वर्णन मी करणार नाही, कारण तुम्ही म्हणाल, एवढंच? बाहेरून ते एवढंच दिसतं. विकतच्या ड्रोनची स्टिक सोडली की तो जीपीएसच्या जोरावर जागेवर थांबतो. माझ्याकडे जीपीएस नाही. स्टिक सोडली तरी ते वाऱ्याबरोबर सरकत राहतं. सेल्फ-लेव्हल (आपोआप सपाट होणं) बंद केलं तर कललेल्या बाजूला कललेलंच निघून जातं. दाखवायला बोलावलेल्या माणसाला यात काही दिसत नाही.

आणि "केलं" तरी काय मी? बोर्ड कुणीतरी बनवला, फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, कुणीतरी लिहून फुकट दिलं. त्याची वंशावळ मागे नेली तर मल्टीवी हे जुनं फर्मवेअर लागतं, ज्याची सुरुवात व्हिडिओ गेमच्या रिमोटला जोडायच्या भागातला जायरो काढून झाली. मी तर चौकटी भरल्या, त्यातली एक चुकीची. पीआयडीतलं (यंत्र सावरायच्या गणितातलं) डी वाढवलं की मोटरी तापतात हे मला माहीत आहे. का, हे नीट सांगता येत नाही. शिकलो म्हणावं तर किती शिकलो? दोन रेघा मारणाऱ्या त्या माणसाला मी हेही सुनावलं असतं. पण मग तो विचारेल, "रेडीमेड घेतलं असतंस का?" आणि मला त्यावर उत्तर नाही. अंगठा थंडीत अजून आखडतो.

आत्ता या क्षणी विचाराल तर, नाही, उडत नाही. गेल्या वेळी झाडात गेलं, मागच्या उजव्या मोटरीचा शाफ्ट वाकला. नवी मोटर आलीय, तीन वायरी सोल्डर करायच्या आहेत. पाऊण तासाचं काम आहे. गेल्या रविवारीही मी हेच म्हणालो होतो.