अलास्काला जाताना जहाज किती मोठे असावे?

उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले की सिएटल परिसरातल्या मराठी घरांमध्ये अलास्काच्या क्रूझचा विषय हमखास निघतो, आणि तो निघाला की बोलणे बहुधा जहाजावर किती पोहण्याचे तलाव आहेत, जेवणाच्या किती जागा आहेत आणि मुलांसाठी घसरगुंड्या आहेत का, याकडे वळते. कॅरिबियन समुद्रातल्या सफरीसाठी ही चौकशी योग्यच आहे, कारण तिथे जहाज हेच अर्धे पर्यटनस्थळ असते. अलास्कात मात्र जहाजाचा आकार आणि त्याची नोंदणी कोणत्या देशात झाली आहे, या दोन गोष्टींवरून ते कोणत्या वाटेने जाणार, हिमनदीच्या किती जवळ पोहोचणार, स्वयंपाकघरात कोण असणार आणि आपल्या आईवडिलांना कॅनडाचा व्हिसा लागणार की नाही, हे सारे ठरते. म्हणून आधी आकार ठरवावा आणि सोयीसुविधांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे मत झाले आहे.

अलास्काला जाणाऱ्या जहाजांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात सिएटलहून सुटणारी चार-चार हजार प्रवाशांची जहाजे येतात. २०१८ साली याच मार्गासाठी बांधलेले ‘नॉर्वेजियन ब्लिस’ हे सुमारे १,६८,००० ग्रॉस टनांचे जहाज त्यांचा नमुना म्हणता येईल. दुसऱ्या गटात साधारण चौदाशे ते सत्तावीसशे प्रवाशांची मध्यम जहाजे येतात, आणि हॉलंड अमेरिका या कंपनीची बरीचशी जहाजे या गटातली आहेत. तिसऱ्या गटात शंभर किंवा त्याहून कमी प्रवाशांची छोटी जहाजे आहेत. २०१७ साली सेवेत आलेले ‘नॅशनल जिऑग्राफिक क्वेस्ट’ हे त्यांपैकी एक असून त्यात ५० केबिन आणि १०० प्रवाशांची सोय आहे. ते आमच्या शेजारच्याच व्हिडबी बेटावर बांधले गेले. चारपाचशे प्रवाशांची परदेशी नोंदणीची आलिशान जहाजेही या मार्गावर फिरतात, पण त्यांचे भाडे पाहून बहुतेक कुटुंबे तो विषय तिथेच थांबवतात, म्हणून मीही त्यांच्यात शिरत नाही.

व्हिडबी बेटाचा उल्लेख केवळ गावाच्या अभिमानापोटी केलेला नाही. अमेरिकेत १८८६ साली झालेल्या प्रवासी वाहतुकीच्या एका कायद्यानुसार परदेशी जहाजांना एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरापर्यंत प्रवासी नेता येत नाहीत. ती मुभा हवी असेल तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी झेंड्याखालचे असावे लागते. मोठी क्रूझ जहाजे जर्मनी, इटली, फ्रान्स, फिनलंड या देशांत बांधली जातात आणि त्यांची नोंदणी बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा ठिकाणी असते, त्यामुळे सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाला वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागणे भाग पडते. ते बंदर म्हणजे बहुतेक वेळा कॅनडातील व्हिक्टोरिया. जहाज तिथे पुष्कळदा शेवटच्या संध्याकाळी जेवणाच्या सुमारास पोहोचते आणि मध्यरात्रीच्या आसपास निघते. व्हिक्टोरियाचा प्रसिद्ध बुचार्ट बगीचा पाहण्यासाठी ही वेळ अडचणीची आहे, पण कायद्याची अट तेवढ्याने पूर्ण होते. २०२१ साली करोनामुळे कॅनडाची बंदरे बंद होती, तेव्हा अमेरिकी संसदेला तात्पुरता वेगळा कायदा करून ही अट शिथिल करावी लागली आणि त्यानंतरच त्या वर्षीचा हंगाम सुरू होऊ शकला.

आपल्या घरांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना या जहाजावर चढण्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, मग ते व्हिक्टोरियाला उतरणार असोत वा नसोत. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला किंवा सुनेला तो लागत नाही, आणि नेमके त्यामुळेच आरक्षण करताना ही गोष्ट ध्यानात येत नाही. याउलट अमेरिकी झेंड्याची छोटी जहाजे जुनो, सिटका, केचिकन अशा अलास्कातल्याच गावांहून सुटतात आणि अलास्कातच संपतात. सिएटलहून विमानाने तिथे गेले की मधे कोणताही परका देश येत नाही. म्हणजे कागदपत्रांच्या दृष्टीने सर्वांत सोपे जहाज हेच पैशांच्या दृष्टीने सर्वांत अवघड ठरते, कारण अमेरिकेत जहाज बांधणे महाग आहे आणि अमेरिकी झेंड्याखालचे कर्मचारी बहुतांशी अमेरिकी नागरिक असावे लागत असल्याने त्यांचे पगारही त्याच मानाने असतात.

छोट्या जहाजावर या पैशांच्या बदल्यात काय मिळते, हे नीट सांगायला हवे, कारण जाहिरातींतली छायाचित्रे दोन्हीकडे सारखीच दिसतात. टोंगास हे अमेरिकेतले सर्वांत मोठे राष्ट्रीय अरण्य या किनाऱ्यावर पसरलेले आहे आणि त्यातल्या असंख्य खाड्यांना ना धक्का आहे ना गाव. छोटे जहाज अशा खाडीत रात्रीचा नांगर टाकते. सकाळी रबरी होड्यांतून किंवा कयाकमधून प्रवाशांना किनाऱ्यालगत नेले जाते, आणि सोबतचा निसर्गतज्ज्ञ अस्वलाच्या पाऊलखुणा, सामन माशांचे ओढे आणि शेवाळाने झाकलेली झाडे दाखवत जंगलात घेऊन जातो. कुबड्या देवमाशांचा कळप दिसला तर कप्तान कायद्याने ठरवून दिलेले शंभर यार्डांचे अंतर राखून इंजिन मंद करतो आणि वेळापत्रक थोडे बाजूला ठेवतो. चार हजार प्रवाशांच्या जहाजाला दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या धक्क्यावर ठरलेल्या वेळी पोहोचायचे असल्याने त्याला असे थांबता येत नाही. शिवाय पंधराव्या मजल्यावरून पाहिलेला देवमासा आणि पाण्यापासून तीन-चार मीटर उंचीवरच्या कठड्याशी उभे राहून, त्याचा श्वास ऐकत पाहिलेला देवमासा, हे दोन अगदी निराळे अनुभव आहेत.

मात्र याच जहाजावर पुष्कळदा लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि उभे असतात, आणि रबरी होडीत उतरताना डोलत्या फळीवरून पाय टाकावा लागतो. बहुतेक छोट्या जहाजांवर डॉक्टरही नसतो. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ कोकणाएवढा, पण तो थंडगार आणि बाराही महिने पडणारा. या पावसात रबरी बूट घालून चिखलातून दोन तास चालण्याची हौस सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला असेलच असे नाही. संध्याकाळी करमणूक म्हणून एखादे व्याख्यान असते आणि मग झोप. ज्यांना रात्री संगीत, नाटक, पत्त्यांचा डाव आणि चार माणसांची वर्दळ लागते, त्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, हे आधीच सांगितलेले बरे.

जेवणाचाही मुद्दा आहे, आणि तो मी गौण मानत नाही. मोठ्या जहाजांवर भारतीय कर्मचारी पुष्कळ असतात, त्यांत गोव्याचे आणि मुंबईचे लोक हटकून भेटतात. आगाऊ कळवले तर शाकाहारी आणि काही कंपन्यांकडे जैन जेवणही मिळते. वरणभाताची विनंती समजून घेणारा माणूस स्वयंपाकघरात असणे, ही आठवडाभर पाश्चात्य जेवणाची सवय नसलेल्या आईवडिलांसाठी मोठी गोष्ट आहे. छोट्या जहाजावरचा अमेरिकी आचारी शाकाहारी जेवण आनंदाने आणि चांगले करतो, पण ते क्विनोआ, भाजलेली रताळी आणि मशरूम या वळणाचे असते.

आता अगदी मोठ्या जहाजांविषयी. त्यांच्यावरच्या गर्दीची तक्रार सगळेच करतात, पण प्रत्यक्षात जहाजावर ती फारशी जाणवत नाही, कारण माणसे वीस मजल्यांवर विखुरलेली असतात. ती जाणवते किनाऱ्यावर. जुनो हे सुमारे ३२,००० वस्तीचे गाव आहे. तिथे २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या जहाजांना प्रवेश आहे, आणि २०२६ पासून गावाने क्रूझ कंपन्यांशी केलेल्या करारानुसार जहाजांवरच्या खाटांचीही मर्यादा ठरली आहे : एरवी दिवसाला १६,००० आणि शनिवारी १२,०००. शनिवारी मोठी जहाजे पूर्णपणे बंद ठेवावीत, हा प्रस्ताव २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मतदारांनी फेटाळला, कारण गावातल्या अनेकांचे पोट या हंगामावर चालते. पण मर्यादा घालूनही गावाच्या वस्तीच्या निम्मे पाहुणे एकाच दिवशी उतरू शकतात. स्कॅगवेची कायमची वस्ती तर हजार-बाराशेच्या घरातली आहे. तिथल्या व्हाइट पास रेल्वेची जागा, जुनोजवळच्या मेंडेनहॉल हिमनदीकडे जाणारी बस, देवमासे दाखवणारी बोट, या सगळ्यांसाठी आपण त्याच दिवशी आलेल्या हजारोंबरोबर रांगेत असतो. छोट्या जहाजांचे प्रवासी या गावांत उतरतात ते बहुधा सफरीच्या सुरुवातीला किंवा शेवटी.

आकारापेक्षाही ज्या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते ती म्हणजे वाट, आणि ती पुन्हा आकाराशीच जोडलेली आहे. सिएटलहून निघणारी मोठी जहाजे सात दिवसांत फेरी पूर्ण करण्यासाठी साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या प्रशांत महासागरातून जातात. तिथे लाटा असतात, आणि स्थैर्य देणारी यंत्रणा असूनही पहिल्या दिवशी अनेकांना जेवण नकोसे होते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराहून निघणारी जहाजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद, शांत जलमार्गाने उत्तरेकडे सरकतात, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर तासन्‌तास सोबत राहतात. याच मार्गावर सिमोर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिच्यातला रिपल रॉक हा बुडालेला खडक १९५८ साली सुरुंग लावून उडवून देण्यात आला, आणि आजही भरती-ओहोटीचा वेग मंदावण्याची वाट पाहूनच जहाजे तिथून जातात. व्हँकुव्हर बंदरातून बाहेर पडताना लायन्स गेट पुलाखालून जावे लागते आणि त्याची उंची पाण्यापासून सुमारे ६१ मीटर आहे. सर्वांत उंच जहाजांना त्यासाठीही पाण्याची पातळी पाहावी लागते, त्यामुळे या बंदरावर मध्यम जहाजांचा वावर अधिक दिसतो.

दुसरी गोष्ट ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाची. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या लोकांनी हा भाग पाहिला तेव्हा उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती, आणि १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर तिथे गेला तोवर ती चाळीस मैलांहून अधिक मागे सरकली होती. आज तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी मिळते. उद्यानाचे रेंजर वाटेत जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबते आणि जागेवरच फिरते, त्यामुळे डावी-उजवी बाजू असा भेद उरत नाही. या परवान्यांत हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या कंपन्यांचा वाटा मोठा आहे, काही नॉर्वेजियनकडे आहेत, आणि घसरगुंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली कित्येक जहाजे त्याऐवजी दुसऱ्या फियॉर्डांकडे, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल, चिंचोळ्या खाड्यांकडे वळतात. त्यांपैकी ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये प्रचंड दरड कोसळून उंच लाटा उसळल्या, त्यानंतर कंपन्यांनी तिथे जाण्याऐवजी शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे मोर्चा वळवला. म्हणून माहितीपत्रकात नुसते ‘हिमनदीदर्शन’ लिहिले असेल तर कोणती हिमनदी, हे विचारून घ्यावे.

पैशांची तुलना करताना नुसते भाडे पाहू नये. मोठ्या जहाजावर खिडकी नसलेली आतली केबिन हंगामाच्या कडेला माणशी हजार डॉलरच्या आसपास मिळू शकते, पण बक्षिसी, इंटरनेट आणि प्रत्येक बंदरातली सहल वेगळी असते. जुनोला देवमासे पाहायचे तर माणशी दीडशे-दोनशे डॉलर सहज लागतात, आणि चार जणांचे कुटुंब तीन बंदरांत उतरले की हिशेब पार बदलतो. छोट्या जहाजाच्या भाड्यात कयाक, होड्या आणि मार्गदर्शक धरलेले असतात. तरीही दोन्हींतली दरी बुजत नाही : आठवड्याला माणशी पाच हजार डॉलरच्या खाली छोटे जहाज क्वचितच मिळते.

माझा स्वतःचा कल सांगायचा तर, आईवडील सोबत असतील आणि त्यांचा कॅनडाचा व्हिसा वेळेत होणार असेल, तर व्हँकुव्हरहून सुटणारे, ग्लेशियर बेचा परवाना असलेले मध्यम जहाज मी निवडतो. त्यावर लिफ्ट असते, दवाखाना असतो, चहा हव्या त्या वेळी मिळतो, आणि डेकवर फिरताना सहाव्या दिवशी चेहरे ओळखीचे झालेले असतात. सिएटलहून व्हँकुव्हरला गाडीने तीन तास लागतात, सीमेवरची रांग वेगळी. लहान मुले आणि त्यांचे चुलत-मावस भावंडांचे टोळके बरोबर असेल तर मी चार हजार प्रवाशांचे जहाजही मोकळ्या मनाने सुचवीन, कारण पावसाच्या दिवशी दहा वर्षांच्या मुलाला हिमनदीपेक्षा घसरगुंडी अधिक प्रिय असते आणि त्यात वावगे काही नाही. छोटे जहाज मी नवराबायको दोघांसाठी, गुडघे धड असेपर्यंतच्या वयासाठी, राखून ठेवतो.

कोणतेही जहाज ठरवले तरी दोन कामे लवकर उरकावीत. कॅनडाच्या व्हिसाला भारतातून किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे आईवडील अमेरिकेला निघण्यापूर्वीच तो अर्ज झालेला असावा, आणि अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाची मुभा देणारा आहे का हेही पाहून ठेवावे. दुसरे म्हणजे प्रवासविमा. भारतातून घेतलेल्या विम्यात जहाजावरचा औषधोपचार आणि हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे की नाही, हे पॉलिसीत वाचून घ्यावे, कारण जहाजावरच्या दवाखान्याचे बिल डॉलरमध्ये येते आणि ते केबिनच्या खात्यावर लागलीच चढते.