टाकीखालचा व्हॉल्व्ह आणि ६० टक्क्यांची गोम

आमच्या वॉर्डातल्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायचा. त्याला सुतळी, रबराचा तुकडा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. साताऱ्याच्या आमच्या दुष्काळी माण तालुक्यात पाणी असं वाहून गेलेलं बघवत नाही. ग्रामपंचायत सदस्य झाल्यावर पहिल्याच मासिक सभेत मी विषय काढला. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, ग्रामनिधीत शिल्लक कुठाय?"

ग्रामनिधी म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून जमणारा पंचायतीचा स्वतःचा पैसा. त्यात शिल्लक नव्हती, खरंच. पण पंधराव्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून येणारे, पैसे खात्यात पडून होते! मग नमुना १, म्हणजे ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक, घेऊन दोन रात्री बसले. (आमच्याकडे ते फक्त सहीपुरतं फिरतं.) तेव्हा गोम कळली. आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच: ३० पिण्याच्या पाण्याला, ३० स्वच्छतेला. उरलेले ४० अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातूनही पगार काढता येत नव्हता. आणि आम्ही काय करत होतो? व्हॉल्व्ह, पॅकिंग, पाइपचे तुकडे ग्रामनिधीतून आणायचे आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार तीन-तीन महिने थकवायचा.

"मग व्हॉल्व्ह बंधितमधून घेऊ की."

"गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात काम नाही, ताई. त्याशिवाय सरकारी पोर्टल पैसे सोडत नाही."

म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा धरली. अर्धी सभा मंदिराच्या कमानीवरच गेली. शेवटी बायकांनी आवाज चढवला, तेव्हा दोन व्हॉल्व्ह आणि खालच्या आळीची गंजलेली लाइन पुढच्या वर्षाच्या आराखड्यात आली. पुढे इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, तालुक्याला चार हेलपाटे. काम दोन दिवसांत उरकलं.

बिल मात्र अडलं. ई-ग्रामस्वराज या त्याच पोर्टलवर पेमेंटला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचांचं डोंगल, म्हणजे डिजिटल सही करायचं पेनड्राइव्हसारखं यंत्र, त्यांच्या खिशात आणि सरपंच लेकाकडे पुण्याला. दुकानदार रोज मलाच फोन करायचा. डोंगल ऑफिसच्या कपाटात ठेवूया, असं कुणीतरी सुचवलं. मी नको म्हटलं. कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्यातलाच तो प्रकार. नऊ दिवसांनी सरपंच आले, बिल निघालं.

त्या दिवाळीला, ग्रामनिधीतून वाचलेल्या पैशातून, पाणी सोडणाऱ्याचा थकलेला पगार एकरकमी दिला. आता घरपट्टी, पाणीपट्टीची थकबाकी काढायला घेतलीय. नमुना ९, म्हणजे करमागणीची नोंदवही, उघडला, तर थकबाकीत पहिलंच नाव माझ्या चुलत दिरांचं.